लंगड्या बकरीची तिल्ली

सर, तिल्ली थकलेली नव्हती. आज दुपारी माझ्या डोळ्यांसमोर झालं ते घाईघाईनं लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं येतंय, तेवढं समजून घ्या. बकरीच्या एकाच तिल्लीच्या, प्लीहेच्या, दोन पट्ट्या, शेजारशेजारच्या दोन भांड्यांत टांगलेल्या. दोघींना सारखंच कोमट मिठाचं पाणी, सारखीच हवा, सारखंच ॲड्रिनलिन. एक नेहमीसारखी जेमतेम आखडली, कंटाळलेल्या पोरानं हजेरी द्यावी तशी. दुसरी मात्र अशी आखडली की तिला बांधलेल्या लिव्हरच्या काडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमच्या वरच्या काठाला जाऊन अडलं. मी खुर्चीवरून उठले तशी समोरची पोरंही उठली, त्यांना वाटलं काहीतरी फुटलं. मी नुसतं बोट दाखवत राहिले. तुम्ही असता तर म्हणाला असतात, दाखवत काय बसली, आधी खूण कर. मग मी ड्रमवर खूण केली.

तुम्ही गेलात त्याला बारा-तेरा वर्षं होत आली. मी आता फार्मसी कॉलेजात शिकवते, तुमचाच विषय. गोंदियाजवळ बिरसीच्या रस्त्याला कॉलेज आहे, चहूकडे धानाच्या बांध्या, आणि वरून दिवसभर विमान शिकणाऱ्या पोरांची छोटी विमानं घिरट्या घालतात. हल्ली पोरांना कॉम्प्युटरवरची तिल्ली दाखवायचा रिवाज आहे. कळ दाबली की ती पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बरोब्बर आखडते. ती कधीच चुकत नाही, म्हणून मला तिचा राग येतो. इथला कायमोग्राफ, काजळीच्या ड्रमवर आलेख काढणारं ते यंत्र, भंगारात काढत होते, मी प्राचार्यांशी भांडून तो ठेवून घेतला. ते म्हणाले, मॅडम, हे काजळीचं काम आता कोण करतं? मी म्हटलं, मी करते.

तुमच्या प्रयोगशाळेतला पहिला दिवस मला वासासकट आठवतो. रॉकेलच्या दिव्यावर ड्रमला काजळी धरायची, तो वास, आणि थर्मासातून काढलेल्या तिल्लीचा कच्चा वास. बेडूक-ससे मिळायची मारामार होती, म्हणून तुम्ही सकाळीच थर्मासात गार मिठाचं पाणी घेऊन मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहायचात. दुकानदार भाई सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत ओरडायचा, "सर, आपकी तिल्ली निकाल के रखी है," आणि रांग हसायची, तुम्हीही हसायचात. बकरीला कुत्रा दिसला की तिच्या अंगात ॲड्रिनलिन सुटतं, काळीज धडधडतं, आणि तिल्ली आखडून आपल्याजवळ साठवलेलं रक्त पळणाऱ्या पायांसाठी बाहेर ढकलते, हे तुम्ही आम्हांला फळ्यावर शिकवलं नाही. स्वतः बकरी होऊन वर्गभर पळून दाखवलंत. मागच्या बाकावरच्या एकाला कुत्रा व्हायला लावलं होतंत.

तुमचे हात आठवतात. लिव्हरसाठी विकतची काडी तुम्हांला जड वाटायची, तुम्ही गावाकडच्या तणसातून धानाची काडी निवडून आणायचात आणि तिच्या टोकाला कागदाची एवढीशी नोक चिकटवायचात. पट्टीला दोरा बांधताना आम्ही घाबरून ओढायचो, तेव्हा म्हणायचात, "रोवणीत धानाचा पऱ्हा धरते ना, तसा धर. दाबला तं मरते, सोडला तं पडते." तुम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडच्या गावचे, आईबापांबरोबर लोकांच्या बांधीत रोवणी करून शिकलेले. मी चोरखमारा तलावाजवळच्या शेतकऱ्याची मुलगी, घरची बांधी असून मला चिखलात कधी कुणी उतरू दिलं नव्हतं. मला वाटायचं मला सगळं येतं. तुमचा दोरा बांधलेला बघितला की वाटायचं, मला काहीच येत नाही.

आणि एवढं करूनही तुमची पट्टी उंच जायची नाही. पुस्तकातल्या आलेखात डोंगर, आपल्या ड्रमवर बांध. पहिल्या मात्रेला बरी, मग बसत जायची. सगळे म्हणायचे टिश्यू थकली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले ते परीक्षक तुमच्याही लक्षात असतील. तुम्ही स्वतः बांधलेल्या पट्टीचा ड्रम त्यांनी फिरवून फिरवून पाहिला आणि हसत म्हणाले, "टिश्यू मेलेली आहे. हे हाताचं काम असतं सर. हात बसायला पिढ्या जातात." त्यांना तुमचं आडनाव ठाऊक होतं. तुमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती हेही त्यांनी सकाळी चहाच्या वेळी विचारून घेतलं होतं. त्या वाक्याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. तुम्ही "हो सर" म्हणालात आणि त्यांची रिकामी बशी उचललीत. मला तो ड्रम त्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर फिरवावासा वाटत होता, खरंच सांगते, काजळी कच्चीच होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही थर्मास घेऊन पुन्हा रांगेत.

तुम्ही त्या परीक्षकांना उत्तर दिलं नाहीत, पण उत्तर शोधायला लागलात. नागपूरच्या एका लायब्ररीत बसून काय काय वाचून यायचात. एका रविवारी मी वही दाखवायला घरी आले होते, तुम्ही मला थेट स्वयंपाकघरात बसवलंत आणि पाट ओढलात. बाई, तुमच्या घरच्या, भात वाढत होत्या. तुम्ही म्हणालात, "आता पाहा. बाई म्हणजे स्नायूले हुकूम देणारी नस. भात म्हणजे नसेतून सुटणारं ॲड्रिनलिनसारखं रसायन. मी स्नायू." बाईंनी वाढलं, तुम्ही ताटावर हात आडवा धरलात, बाई थांबल्या. "हा हात म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. स्नायू स्वतःच बनवते. हा वाढणाऱ्याले सांगते पुरे, आणि पोटालेही सांगते की जेवढं पडलं त्यातलंही सारं नको घेऊ. आता माझा हात धर." मी तुमचं मनगट मागं ओढून धरलं. "वाढ," तुम्ही बाईंना म्हणालात. बाईंनी वाढलं. "वाढ." पुन्हा वाढलं. ताटात भाताचा ढीग झाला तशा बाई चिडल्या, "काय चालून राहिलं जी तुमचं? सांडून राहिला भात." तुमचा चेहरा दिव्यासारखा झाला होता. तुम्ही म्हणालात, अंग दुखल्यावर आपण घेतो ती ॲस्पिरिनसारखी औषधं असाच हा हात धरून ठेवतात, प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाहीत. आणि पट्टी कापताना, ताणताना, दोरा बांधताना स्नायू दुखावतो आणि आणखी प्रोस्टाग्लँडिन बनवतो. मग वाकून, जणू गुपित असल्यासारखं, म्हणालात, "पोरी, थे थकून नाही राहिली. थे आवरून राहिली." त्या दिवशी तो सगळा भात आपण तिघांनी मिळून संपवला.

मग हिवाळ्यातला तो दिवस येतो. धान निघून गेलेलं, प्रयोगशाळेच्या खिडकीतून ऊन ड्रमवर पडलंय, मी ॲड्रिनलिनचा थेंब सोडते आणि लिव्हर उसळते. बांध नाही, डोंगर. मी आनंदानं तुमच्याकडं बघते, आणि तुमच्या कपाळावर आठी. "डोस किती टाकला?" नेहमीचाच, सर. "खोटं नको बोलू. असा आलेख आपल्याकडं येत नाही." सगळा वर्ग माझ्याकडं बघतोय. मला रडू यायच्या ऐवजी राग आला, माझं तसंच आहे, आणि मी म्हटलं, "मग तुम्हीच टाका." असं तुम्हांला कुणी बोललं नव्हतं. तुम्ही त्याच तिल्लीची दुसरी पट्टी कापलीत, स्वतः बांधलीत, स्वतः थेंब सोडलात. ती माझ्या पट्टीहूनही वर गेली. तुम्ही ड्रमकडं पाहिलं नाही, सर, तुम्ही आपल्या बोटांकडं पाहिलं. मग म्हणालात, "पुन्हा." पुन्हा वर गेली. मग वर्गासमोर, मोठ्यानं, "मी हिच्यावर खोटं बोलल्याचा आळ घेतला, माझं चुकलं," आणि लगेच माझ्याकडं वळून, "हे बकरी कोनाची होती?"

त्या बकरीचा माग काढायला आपण निघालो ते आठवून मला आजही हसू येतं. तुम्ही लुनावर आणि मी मागून सायकलवर, धापा टाकत. भाई म्हणाला, "लाल बकरी थी सर, बिरसी तरफ की बाई बाजार में लाई थी। क्यों, कुछ गड़बड़ है?" तेव्हा बिरसीला नुसती जुनी धावपट्टी होती, तिच्यावर गुरं बसायची. ती बाई अंगणात धान वाळवत होती. कॉलेजचे सर आलेत म्हटल्यावर आधी घाबरली. तुम्ही विचारलंत, बकरीला काही औषध दिलं होतं का. ती पदर सारखा करत म्हणाली, "काऊन जी? मटनात काही निंगालं का?" नाही बाई, मटण चांगलं होतं, तिल्ली तर फारच चांगली होती. मग ती मोकळी झाली. "पाय मुरगळला होता तिचा. लंगडून राहिली होती. बाजारात लंगडी बकरी कोन घेते? म्हून जनावराच्या डाक्टरले बोलावलं. त्यानं दुखन्याची सुई मारली, बाजाराच्या दिवशी सकाळीही मारली. मंग चांगली टनटन चालाले लागली." तुम्ही तिथंच, तिच्या अंगणात, वाळत्या धानाच्या कडेला खाली बसलात आणि हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दुखण्याची सुई. बकरीला बाजारात चालती करायला म्हणून दिलेली सुई, आणि तिनं बकरीच्या सगळ्या अंगातला तो पुरे म्हणणारा हात बांधून ठेवलेला. ती बाई मला बाजूला घेऊन हळूच विचारते, "मास्तर बरे आहेत ना वो?" मी म्हटलं, इतके बरे मी त्यांना कधीच पाहिले नाहीत.

परत येताना लुना हळू चालवत तुम्ही मला शेजारी सायकल चालवू दिलीत आणि लगेच थंड झालात, तेही तुमचंच. म्हणालात, एका लंगड्या बकरीवरून काही ठरत नाही. सुईमुळं झालं की पायाच्या सुजेमुळं, की ती बकरीच तशी होती, कोण सांगणार? धडधाकट बकरी पाहिजे, एका तिल्लीच्या दोन पट्ट्या पाहिजेत, एकीला औषध, एकीला नाही. मग काढून घेतलेलं प्रोस्टाग्लँडिन परत देऊन पाहायचं. आणि हे तीन वेगवेगळ्या बकऱ्यांत झाल्याशिवाय जगात कुणाला सांगायचं नाही, बायकोलाही नाही. मी म्हटलं, आणि त्या परीक्षकांना? तुम्ही म्हणालात, "त्यायले कायले सांगाचं? मलेच माहीत करून घ्याचं आहे, माझे हात कसे आहेत." एवढं बोललात आणि लुना पुढं काढलीत. मी मागून सायकल दामटली.

ते झालं नाही. लोडशेडिंगनंतर वीज अशी झटक्यानं आली की पाणी कोमट ठेवणारं यंत्र जळालं, आणि कॉलेज म्हणालं पुढच्या वर्षी बघू. उन्हाळ्यात मी गावी होते. एसटीडी बूथवाल्यानं येऊन सांगितलं, तुमच्या सरांच्या छातीत कळ आली. आम्ही पोचलो तेव्हा तुमचे हात छातीवर ठेवलेले होते. मी त्यांच्याकडंच बघत होते. बाईंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या लंगड्या बकरीचं रोज सांगत होते जी." म्हणजे बायकोला सांगायचं नाही हा नियम तुम्ही स्वतःच पाळला नव्हतात.

आता आजचं ऐका. धडधाकट बकरी, भाईच्या मुलानं समोर कापलेली. सुई नाही, औषध नाही, मी तीनदा विचारून घेतलं. एका भांड्यात इंडोमेथासिन, ते प्रोस्टाग्लँडिन बनू न देणारं औषध, सोड्याच्या पाण्यात विरघळवून. आणि नुसतं सोड्याचं पाणी तेवढंच दुसऱ्या भांड्यातही, कारण तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारला असता. हवेला माशांच्या टाकीचा पंप, लिव्हरला तणसातली काडी. थोडा वेळ थांबायचं होतं, मी पोरांना सांगितलं बसा, आणि स्वतः खोलीभर फिरत राहिले. मग ॲड्रिनलिन. पुढं काय झालं ते मी वर लिहिलंच आहे, पण पुन्हा लिहिते, मला पुन्हा लिहायला आवडतंय. नुसती पट्टी बांधाएवढी. औषधातली डोंगराएवढी. धुतलं, पुन्हा दिलं, पुन्हा डोंगर.

आणि परत देणं राहिलं होतं ना? प्रोस्टाग्लँडिन आम्हांला कुठून परवडणार? पण माझी नणंद गोंदियाच्या एका प्रसूतिगृहात नर्स आहे. मागच्या महिन्यात जेवताना ती सहज म्हणाली, कळा सुरू करायला जे जेल लावतात त्याची एक सिरिंज मुदत संपून फ्रिजमध्ये पडलीय. मी घास खाली ठेवला. ते जेल म्हणजे प्रोस्टाग्लँडिन ई-टू, सर, तुमच्या ताटावरचा आडवा हात, सिरिंजमध्ये भरलेला. नणंद म्हणाली, "वहिनी, तुमाले कायले पाहिजे थे?" मी म्हटलं, तिल्लीला. ती अजून माझ्याकडं जरा संशयानंच बघते. आज त्यातलं मोहरीएवढं पाण्यात कालवून डोंगरवाल्या भांड्यात सोडलं आणि पुन्हा ॲड्रिनलिन दिलं. डोंगर बसला. बांध झाला. काढून घेतलं की उसळते, परत दिलं की आवरते. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, हे चांगलं झालं की वाईट?" तिला मी सांगितलं की जेवायला बसून बघ. तिला काही कळलं नाही, उद्या भात नेऊन समजावणार आहे.

तुम्ही काळजाचंही बोलायचात. ॲड्रिनलिनच्या नसा काळजाला पळ पळ म्हणतात तेव्हा काळीज स्वतः थोडं प्रोस्टाग्लँडिन बनवतं आणि नसेला सांगतं, जरा दमानं सोड. आता मला बकरीच्या काळजाच्या रक्तवाहिनीची पट्टी करून बघायचीय, भाईच्या मुलाला सांगून ठेवलंय. त्या उन्हाळ्यात तुमच्या काळजाला कुणी पुरे म्हटलं नाही, असं काहीतरी लिहायचा मला मोह होतोय. पण तुम्ही लाल शाई घेऊन पुरावा काय म्हणून विचारलं असतं, म्हणून नाही लिहीत. ती लंगड्या बकरीची सुईही आता जनावरांसाठी बंद झालीय, ती टोचलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मेली म्हणून. एवढं सगळं झालं मधल्या काळात, आणि तुम्हांला काहीच माहीत नाही.

संध्याकाळी बाईंना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. तीन बकऱ्या झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. आज एकच झालीय. प्रोस्टाग्लँडिन नसलेलं नुसतं जेल टाकून बघायचंही राहिलंय, ते कुठं मिळेल ठाऊक नाही. म्हणजे हे पत्र नियमात बसत नाही, आणि पाठवायलाही जागा नाही, तेव्हा टेबलाच्या खणात राहील. तुमचा नियम मोडून मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर तुम्हांलाच.

आणि एक राहिलं. शिकवायला लागून एवढी वर्षं झाली तरी माझा दोरा अजून तुमच्यासारखा बसत नाही. आज घाईत दोन्ही पट्ट्या मी ओढूनताणूनच बांधल्या, एक तर निसटून खाली पडली, उचलून पुन्हा बांधली. तुमच्या हातून इतकं वाईट काम कधीच झालं नसतं, सर. त्या परीक्षकांच्या हिशेबानं ती मेलेलीच म्हणायची. आणि औषधात डोंगराएवढी वर गेली ती तीच पट्टी, पडलेली.